टायरचा चुरा सिमेंटची जागा घेऊ शकतो का? डहाणू-तलासरीत या प्रश्नाला वेगळं वजन आहे

मुंबई-अहमदाबाद महामार्गाने चारोटी सोडलं की तलासरी, आच्छाडपर्यंत रस्त्याच्या कडेला एक दृश्य हमखास दिसतं. पंक्चरवाल्याचं दुकान आणि त्यासमोर रचलेले ट्रक-ट्रेलरचे जुने टायर. या टायरांचं करायचं काय, हा देशभराचा प्रश्न आहे. सोशल मीडियावर त्याचं एक सोपं उत्तर फिरत असतं : टायर दळा, पूड सिमेंटच्या मालात मिसळा आणि घर बांधा. सिमेंटचा खर्च वाचेल, कचरा कमी होईल आणि रबर धक्के शोषून घेतं म्हणून भूकंपातही भिंत टिकेल.

हा शेवटचा मुद्दा डहाणू-तलासरीत कुणाचेही कान टवकारेल. नोव्हेंबर २०१८ पासून या दोन तालुक्यांत भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. धुंदलवाडीचं नाव तेव्हापासून बातम्यांमध्ये येऊ लागलं. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी लोक घाबरून घराबाहेर पळत असताना एक दोन वर्षांची मुलगी पडली आणि दगावली. त्यानंतर कित्येक कुटुंबांनी थंडीच्या रात्री घराबाहेर, तंबूत काढल्या.

अशा ठिकाणी ‘रबर घाला, घर भूकंपरोधक करा’ हा सल्ला कुणी खरा मानला तर काय होईल? म्हणून आधी साधी गोष्ट समजून घेऊ. सिमेंट मालात नेमकं काय करतं आणि रबर काय करतं?

सिमेंट म्हणजे नुसती पूड नव्हे

गवंडी रेती आणि सिमेंट कालवतो, पाणी घालतो आणि काही तासांत तो माल घट्ट व्हायला लागतो. बघणाऱ्याला वाटतं, पाणी सुकलं म्हणून माल घट्ट झाला. प्रत्यक्षात सिमेंट सुकून घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. त्यातल्या कॅल्शियम आणि सिलिकाच्या संयुगांपासून एक चिकट, अतिशय बारीक जाळं तयार होतं. ते रेतीच्या कणाकणाला पकडतं आणि विटेच्या खडबडीत पृष्ठभागात शिरतं. भिंतीला पाणी मारत राहायचं ते याचसाठी. पाणी लवकर संपलं तर क्रिया अर्धवट राहते.

आता टायर. त्यात नैसर्गिक आणि कृत्रिम रबर असतं, काळा रंग आणि ताकद देणारी कार्बनची काजळी असते, पोलादी तारा, धागे, गंधक आणि झिंक ऑक्साइड असतं. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाने १८३९ मध्ये रबर गंधकासोबत तापवून टिकाऊ करायची रीत शोधली. तेव्हापासून टायरच्या रबराचा हाच गुण आहे. ते सहजी वितळत नाही, कुजत नाही आणि कशाशी लवकर क्रियाही करत नाही. रस्त्यावर हे वरदान आहे. सिमेंटच्या मालात मात्र तीच अडचण ठरते. पाण्यात सिमेंटचे रेणू जाळं विणत असतात, तेव्हा रबराचा कण बाजूला नुसता बसून असतो.

घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग आहे. टायरचा अगदी बारीक चुरा पेलाभर पाण्यावर टाका. रबर पाण्यापेक्षा किंचित जड असतं, तरी बराचसा चुरा वर तरंगत राहतो. कारण पाणी त्याला ओलं करत नाही. जे पाण्याने ओलं होत नाही, त्याला पाण्यातून वाढणारं सिमेंटचं जाळं घट्ट पकडणार कसं? रबराचा कण आणि भोवतालचं सिमेंट यांच्यामध्ये हवेची बारीक फट राहते. माल तुटायला लागला की सुरुवात बहुतेकदा तिथूनच होते.

त्यात झिंक ऑक्साइडची भर. जस्ताची संयुगं सिमेंट घट्ट व्हायचा वेग मंदावतात, हे बांधकाम रसायनशास्त्रात जुनं ज्ञान आहे. रबरात अडकलेलं जस्त सगळंच्या सगळं बाहेर येत नाही, पण टायर जाळून उरलेली काळी पूड वापरायची म्हटली तर हा प्रश्न आणखी मोठा होतो. ती पूड मुख्यतः कार्बनची असते. दिसायला सिमेंटसारखी बारीक असली तरी ती सिमेंटचं काम करत नाही.

गोणीचा हिशेब

विटांच्या भिंतीसाठी साधारण १:६ चा माल धरू. म्हणजे एक माप सिमेंट, सहा मापं रेती. ५० किलोची एक गोणी मोकळी केली तर सुमारे ३५ लिटर भरते. तिला २१० लिटर रेती लागेल.

आता ‘फक्त २० टक्के’ सिमेंट काढून तेवढ्याच मापाची रबराची पूड घातली. सिमेंट उरलं २८ लिटर. रबर बांधून ठेवायचं काम करत नाही, त्यामुळे त्याची गणती रेतीतच करावी लागते. २१० आणि ७, म्हणजे २१७ लिटर. प्रमाण झालं जवळपास १:७.७५. गवंड्याला वाटतंय आपण १:६ चा माल लावतोय, भिंतीला मिळतोय पावणेआठाचा, तोही मऊ आणि निसटत्या कणांचा.

मापाऐवजी वजनाने अदलाबदल केली तर गडबड आणखी वाढते. सिमेंट पाण्याच्या तिपटीहून जड असतं, रबर जेमतेम सव्वापटीच्या आत. ५ किलो सिमेंट दीड-पावणेदोन लिटरची जागा घेतं, ५ किलो रबर सव्वाचार लिटरच्या वर. म्हणजे ‘पाच किलो काढलं, पाच किलो घातलं’ असं म्हणताना मालात भलतीच भरताड होते.

पाण्याचाही हिशेब बिघडतो. ५० किलो सिमेंटला २५ लिटर पाणी घातलं तर पाणी-सिमेंटचं गुणोत्तर ०.५०. सिमेंट ४५ किलोवर आणलं आणि पाणी तेवढंच ठेवलं तर ते ०.५६ च्या आसपास जातं. हा आकडा वाढला की ताकद घटते, हे सिव्हिल इंजिनिअरिंगमधलं पहिल्या वर्षाचं गणित.

मग संशोधक यावर इतकी वर्षं काम का करतात? कारण बहुतेकांनी रबर सिमेंटच्या जागी नाही, रेती-खडीच्या जागी घालून पाहिलं. एल्दिन आणि सेनुसी यांचा १९९३ चा अभ्यास या विषयात वारंवार उल्लेखला जातो. त्यांनी काँक्रीटमधली सगळी खडी काढून टायरचे तुकडे घातले, तेव्हा दाब सोसायची ताकद ८५ टक्क्यांपर्यंत घटली. रेतीच्या जागी बारीक चुरा घातला तेव्हा घट ६५ टक्क्यांपर्यंत होती. त्याच वेळी एक चांगली गोष्टही दिसली. रबराचं काँक्रीट काचेसारखं फटकन फुटत नाही. ते वाकतं, दबतं, बरीच ऊर्जा पोटात घेतं आणि मग हळूहळू तुटतं.

‘रबर धक्के शोषतं’ हा दावा इथून आलाय. तो खोटा नाही, अर्धा आहे.

ब्राझीलमधल्या संशोधकांनी २००० साली रबराचा चुरा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून, धुऊन वापरला. त्याने चुऱ्याचा वरचा थर बदलतो आणि सिमेंटशी पकड सुधारते. प्रयोगशाळेत हे छान चालतं. पाड्यावरच्या बांधकामावर, जिथे पिण्याचं पाणी डोक्यावरून आणावं लागतं, तिथे कॉस्टिक सोड्यात शेकडो किलो चुरा धुवायला कुणी सांगू नये. कातडी जळते ती वेगळीच.

भूकंपात भिंतीला काय होतं?

डहाणू-तलासरीतल्या धक्क्यांना शास्त्रज्ञ ‘स्वार्म’ म्हणतात. एक मोठा भूकंप आणि मागून छोटे धक्के, असा नेहमीचा क्रम इथे नाही. लहान-मध्यम धक्के गटागटाने येत राहतात, मध्येच थांबतात, पुन्हा सुरू होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने, म्हणजे एनजीआरआयने, इथे यंत्रं बसवून अभ्यास केला. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतं, तिथला दाब वाढवतं आणि आधीच ताणलेल्या भेगा सरकतात, असं एक स्पष्टीकरण त्यातून पुढे आलं.

हे धक्के जमिनीखाली फार खोल नसतात. त्यामुळे आकडा लहान असला तरी वर घर जोरात हादरतं, भांडी पडतात, मोठा आवाज येतो. शिवाय एकाच भिंतीला पुन्हा पुन्हा हिसके बसतात. आज केसाएवढी भेग पडते, पुढच्या महिन्यात ती बोटाएवढी होते. जुलै २०१९ मध्ये, ऐन पावसाळ्यात, रात्रीच्या धक्क्यांनंतर घर कोसळून एकाचा जीव गेला. तीव्रता तेव्हाही चारच्या आसपासच होती.

भूकंपात जमीन आडवी हलते. भिंतीला वरून दाबायचं काम रोज असतं, ते तिला जमतं. आडवा हिसका बसला की विटा एकमेकींवरून घसरू पाहतात आणि कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींपासून फाटू पाहतात. त्या क्षणी विटेला विटेशी धरून ठेवतो तो मालच. भूकंपाच्या भिंतीत मालाचा सर्वात मोलाचा गुण म्हणजे विटेला घट्ट चिकटून राहणं. सिमेंट काढून रबर घातल्यावर नेमका हाच गुण पहिल्यांदा जातो. मालाचा ठोकळा मऊ आणि चिवट होईलही, पण तो विटेपासून सुटला तर त्या चिवटपणाचा उपयोग काय?

भारतीय मानक आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत हा पट्टा भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्यात येतो. अशा भागांतल्या बांधकामासाठी आयएस ४३२६ हे मानक आहे. विटांच्या सिमेंट मालासाठी ते सर्वसाधारणपणे १:६ किंवा त्याहून दमदार माल सुचवतं. पावणेआठाचा माल त्यात कुठेच बसत नाही.

महाराष्ट्राने कमकुवत मालाची किंमत एकदा मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जे झालं, त्यात सुमारे दहा हजार माणसं गेली. तिथल्या दगडी भिंती दोन-दोन फूट रुंद होत्या, दिसायला किल्ल्यासारख्या. पण आत दगड मातीच्या मालात नुसते रचलेले होते आणि वर मातीचं जड धाबं. हिसका बसताच भिंतीचे दोन पदर सुटले आणि धाबं खाली आलं.

याउलट वारली घरांची जुनी पद्धत बघा. कारवीच्या काठ्यांचा कुड, त्यावर शेण-मातीचा लेप. जगभर प्रसिद्ध झालेली वारली चित्रं मुळात याच कुडांवर काढलेली. असा कुड हलका असतो, हलतो, त्याचे पोपडे पडतात, पण तो विटांच्या भिंतीसारखा अंगावर कोसळून चेंदामेंदा करत नाही. म्हणून सगळ्यांनी कुडाच्या घरात राहावं असं कुणी म्हणणार नाही. पावसाळ्यात दरवर्षी लिंपायचं कष्टाचं काम कुणाच्या वाट्याला येतं, हेही बघायला हवं. पक्कं घर हवंच. फक्त ‘पक्कं’ म्हणजे काय, हे सिमेंटच्या रंगावरून ठरत नाही.

सिमेंटचा खरा पर्याय डहाणूतच तयार होतो

सिमेंट कमी करायची इच्छा मात्र अजिबात चुकीची नाही. चुनखडी सुमारे १,४५० अंशांवर भाजून सिमेंट होतं आणि जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात या उद्योगाचा वाटा ७-८ टक्क्यांच्या घरात धरला जातो. त्यामुळे सिमेंटची थोडी जागा घेऊ शकेल असा पदार्थ हवाच आहे. तो असा हवा, जो सिमेंटच्या क्रियेत स्वतः भाग घेईल.

असा पदार्थ डहाणूत गेली जवळपास तीन दशकं तयार होतोय. डहाणूचं ५०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र बीएसईएसने उभारलं, पुढे ते रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानींकडे गेलं. कोळसा जळाल्यावर धुराबरोबर जी बारीक राख उडते, ती पकडून साठवतात. हीच फ्लाय ॲश. तिच्यातली सिलिका, सिमेंटच्या क्रियेत उरणाऱ्या चुन्याशी संयोग पावते आणि आणखी तेच चिकट जाळं तयार करते. रबर बाजूला बसून असतं, राख कामाला लागते. फरक एवढाच आणि एवढा मोठा.

घाटघरचं धरण हे याचं मोठं उदाहरण. रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीटचं हे देशातलं पहिलं धरण, आणि त्याच्या काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा फ्लाय ॲश जास्त आहे.

अर्थात या राखेमागे डहाणूचा एक लांबलचक झगडाही आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि प्रदूषण करणाऱ्या लाल वर्गातल्या उद्योगांना तिथे मनाई झाली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. वीज केंद्राच्या धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवा, असा आदेश या प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. ती प्रत्यक्ष सुरू व्हायला २००७ उजाडलं. चिकूच्या वाड्या राखल्या जाव्यात म्हणून लोकांनी हे सगळं लढून घेतलंय. त्यामुळे राख सिमेंटमध्ये जाते म्हणजे कोळसा स्वच्छ झाला, असा अर्थ कुणी काढू नये.

घर बांधणाऱ्याने यातून एक गोष्ट लक्षात ठेवली तर पैसे आणि भिंत दोन्ही वाचतील. दुकानात मिळणाऱ्या गोणीवर ‘पीपीसी’ लिहिलं असेल, तर तिच्यात राख आधीच आहे. मानकाप्रमाणे १५ ते ३५ टक्के. म्हणजे सिमेंटची बचत कारखान्यातच, मोजून-तपासून झालेली आहे. त्या गोणीतून आणखी सिमेंट काढून वर रबर किंवा राख टाकणं म्हणजे पातळ केलेल्या दुधात पुन्हा पाणी.

मग टायर जायचे कुठे?

टायरना जागा आहेत, फक्त त्या भिंतीच्या मालात नाहीत. रबराचा चुरा गरम डांबरात मिसळून रस्त्यांसाठी वापरतात. भारतात त्यासाठी स्वतंत्र मानक आहे. डांबर स्वतःच चिकट आणि लवचीक, त्यामुळे तिथे रबराशी जमतं. खेळाच्या मैदानांच्या फरशा, गोठ्यातल्या गाई-म्हशींखालच्या मॅट, हेही चुऱ्यातून होतं. काँक्रीटमध्ये घालायचाच झाला तर वजन न पेलणाऱ्या कामात, म्हणजे फुटपाथ किंवा अंगणातल्या ठोकळ्यांत, रेतीच्या थोड्या भागाऐवजी घालता येतो.

गंमत म्हणजे टायर सिमेंटमध्ये खरोखर जातोही, पण भट्टीच्या तोंडातून. सिमेंट कारखान्यांच्या प्रचंड तापमानाच्या भट्ट्यांत टायर इंधन म्हणून जाळता येतात आणि त्यातल्या तारांचं लोखंड सिमेंटच्याच रसायनात मुरतं.

भूकंपासाठीही रबराचा उपयोग आहे, पण घराखाली. २००१ च्या भूकंपानंतर भुजमध्ये जे नवं जिल्हा रुग्णालय बांधलं, ते रबर आणि शिशाच्या जाड आधारांवर उभं आहे. जमीन हलते तेव्हा आधार सरकतात आणि इमारत कमी हादरते. रेतीत टायरचा चुरा मिसळून त्याचा थर पायाखाली द्यायची कल्पना हाँगकाँगचे संशोधक त्सांग यांनी २००८ मध्ये खास गरीब देशांसाठी मांडली. ती अजून सरसकट वापरायच्या टप्प्यावर आलेली नाही.

आणि टायरची एक वाट पालघर जिल्ह्याला चांगलीच ठाऊक आहे. वाडा तालुक्यात टायर बंद भट्टीत तापवून तेल काढणारे कारखाने आहेत आणि धूर-काजळीच्या तक्रारीही आहेत. जुलै २०२२ मध्ये केंद्राने नियम बदलले, टायर बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरच जुन्या टायरांच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली. पंक्चरच्या दुकानासमोरचा टायर मात्र आजही भंगारवाल्याकडे जातो, आणि तिथून पुढे कुठे, हे भाव ठरवतो.

भिंत हिसका सोसते ती कशाने

घरकुलाचं मूळ अनुदान १ लाख २० हजार. त्यात गोणी-गोणीचा हिशेब होणारच. पण भिंतीला तारणाऱ्या बऱ्याच गोष्टी फुकट किंवा फार स्वस्त आहेत. विटा लावण्यापूर्वी भिजवल्या नाहीत तर त्या मालातलं पाणी पिऊन टाकतात. पाणी घातल्यावर दोन तासांच्या आत माल संपला पाहिजे. जेवणाच्या सुट्टीनंतर त्याच घमेल्यात पुन्हा पाणी मारून तो वापरू नये. दारं-खिडक्या कोपऱ्याला चिकटून नकोत. पीपीसीचं बांधकाम किमान दहा दिवस, उन्हाळ्यात चौदा दिवस ओलं राहायला हवं. एप्रिल-मेमध्ये विहिरी आटतात तेव्हा हे जवळपास अशक्य होतं. दिवाळीनंतर लगेच काम काढलं तर जमतं.

खर्च करायचाच तर तो सळईच्या पट्टीवर. जोत्याला, दारा-खिडक्यांच्या वर आणि छताखाली, घराभोवती सलग फिरणारी काँक्रीटची पट्टी. किमान तीन इंच जाड, आत दोन सळया, कोपऱ्यात न तुटता वळवलेल्या. पिंपाला लोखंडी कड असते तसं ती चारही भिंतींना एकत्र बांधते. किल्लारीनंतर मराठवाड्यात घरं पुन्हा बांधताना आणि जुनी मजबूत करताना याच पट्ट्यांवर भर दिला गेला. दारावर नुसता सुटा तुकडा टाकून काम उरकलेलं असेल तर ती पट्टी नव्हे.

घरकुलाचे हप्ते जोतं, लिंटेल अशा टप्प्यांना बांधलेले असतात आणि प्रत्येक टप्प्याचा जिओ-टॅग फोटो काढला जातो. लिंटेलच्या फोटोच्या वेळी गवंड्याला आणि ग्रामपंचायतीच्या माणसाला एवढंच विचारायचं : ही पट्टी चारही भिंतींवरून फिरलीय ना, आणि कोपऱ्यात सळई सलग आहे ना? काँक्रीट ओतायच्या आधी विचारलेलं बरं, नंतर सळई दिसत नाही.